हे की हे?

२ फेब्रुवारी

आई ओट्याला टेकून उभी. एका हातात केळं, एका हातात बिस्कीट. चिमण स्टुलावर, पाय हलवत. मी दारात, पाठीला दप्तर, केसांना शाळेची निळी रिबीन, उशीर होतोय म्हणून जीव वरखाली! "हे की हे?" आई विचारायची. चिमण बघत राहायचा. बघतच राहायचा. मग हळूच एक बोट पुढे यायचं आणि टक् — केळ्यावर. "बघ," आई मला म्हणायची, "कोण म्हणतं याला कळत नाही?"

बोलायला तो फार उशिरा लागला, आणि लागला तोही मोजकंच. त्याची वाढ मंद का, याला प्रत्येक नव्या डॉक्टरनं नवं नाव दिलं. आईनं मात्र एकच पद्धत धरून ठेवली. दोन हात पुढे करायचे आणि विचारायचं. तिच्यानंतर मी तेच करत आले. आता तो पन्नाशी ओलांडलेला बाप्या आहे, कानाशी पांढरे केस. आज सकाळी मी ब्रेडच्या दोन चकत्या पुढे धरल्या, एकीवर लोणी, एकीवर जॅम. टक्! जॅम. रोजच जॅम.

हे सगळं आज आठवलं ते वकीलबाईंमुळे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. एप्रिलमध्ये बदलायची. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही — आणि त्याच दमात विचारलं, घरी कोण असतं? आई गेल्यावर कोर्टानं चिमणची कायदेशीर पालक म्हणून मला नेमलं. त्याच्या जागी सही माझी, होकार माझा. मी नसले तर कायद्याच्या दृष्टीनं त्याच्या वतीनं बोलणारं कुणीच नाही. दादाची मुलगी, माझी भाची, पालक व्हायला एका पायावर तयार आहे. चिमण तिच्याच घरी राहील. म्हटलं, सुटला प्रश्न.

वकीलबाई म्हणाल्या, "अर्ज करू. पण हल्ली कोर्टाकडून आधी कुणीतरी घरी येतं. भावाला विचारतं."

"त्याला? काय विचारणार?"

"कुठे राहायचंय ते."

मला हसूच आलं. म्हटलं, "विचारा की! आमच्याकडे पहिल्यापासून सगळं त्याला विचारूनच चालतं."

शाळेत सिस्टरांनी सवय लावली होती, दिवसाकाठी एक तरी धन्यवाद लिहून ठेवायचा. खाडाखोड न करता, सुवाच्य. आजचा आईला. त्या दोन हातांबद्दल.

६ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये तपासण्या. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "आजी, शिरा कुठे लपवून ठेवल्यात?" आजी! मी कुणाची आजी नाही. पण बरं वाटलं.

काम आटोपून खाली तळघरात गेले. चिमण तिथंच काम करतो, धुलाई विभागात. वाफ, गरम कापडाचा वास, आणि दोघं समोरासमोर — चिमण आणि मास्तर. मास्तरही चिमणसारखाच, पण तोंडानं तिखट. प्रत्येक चादरीला मोठ्यानं "एक! दोन!" करतो, म्हणून त्याचं नाव मास्तर. चादर काही एकट्यानं घडी करायची वस्तू नव्हे. दोघं चार कोपरे धरतात, ताणतात, मग एकमेकांकडे चालत येतात. चिमण आपले कोपरे मास्तरच्या हातात देतो, वाकतो, खालची घडी उचलतो. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. मास्तरचे आकडे सोडले तर एक अक्षर न बोलता. मला तर ते नाचासारखं वाटतं.

मास्तरनं मला पाहिलं आणि अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं ओरडला, "ताई, तुमचं हृदय खराब?"

"थोडंसं."

"मग बदला!"

"बदलणारच आहेत बाबा."

"झालं तर मग," म्हणाला, आणि पुन्हा "एक! दोन!"

११ फेब्रुवारी

भाची आली. ही आली की घरात वारं शिरतं. पर्स एकीकडे, चपला दुसरीकडे, "आत्या, आधी चहा!" फोनवर फोटो दाखवले. काकासाठी खोली पिवळी रंगवून घेतलीय. पडदे, पलंग, भिंतीला छोटं शेल्फ. किती मायेनं केलंय सगळं! लहानपणी हिला अंघोळ घालायला चिमण पाणी ओतायचा, तेही डोळे घट्ट मिटून, कारण तिच्या डोळ्यांत साबण गेलेला त्याला बघवायचा नाही.

"काकाला विचारलंस?"

"आत्ता विचारू."

एका हातात तिचा फोन, पिवळी खोली. दुसऱ्या हातात काहीतरी हवं म्हणून माझा फोन धरला. मास्तर राहतो त्या घराचा एक फोटो होता त्यावर. तीन-चारजण मिळून राहतात, एक मावशी सांभाळतात. मागे मास्तरच्या वाढदिवसाला गेलो होतो तेव्हा काढलेला.

"हे की हे?"

टक्! पिवळी खोली. लगेच.

भाचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग निघताना म्हणाली, "आणि तूही यायचंस हं. नुसतं ऑपरेशननंतर नाही, कायमची. एकटीनं राहायचं नाही आता. हे घर काढून टाकू. खालची चष्म्याच्या दुकानाची जागा तर कुणीही घेईल." तिचा चेहरा इतका लखलखत होता! मी म्हटलं, "बरं."

धन्यवाद: दादाला, अशी मुलगी मागे ठेवल्याबद्दल.

१८ फेब्रुवारी

खाली दुकानात जाऊन बसले. विकायचं तर झाडलोट करायला हवी. काचा पुसता पुसता सकाळ गेली. पूर्वी हे काम चिमणचं. हे आत भिंगं घासत बसायचे, मी काउंटरवर, चिमण आरसे पुसणार. पुसून झालं की आरशाला चिकटून स्वतःला "नमस्कार" म्हणणार.

चष्म्याच्या धंद्यात एक गोष्ट मी लवकर शिकले. ह्यांनीच शिकवली. म्हणाले, "नीट बघ. माणूस आरशात बघतच नाही. बरोबर आलेल्याच्या तोंडाकडे बघतो." आणि खरंच! बायको फ्रेम चढवायची की नजर नवऱ्याकडे. त्यानं किंचित नाक मुरडलं की, "नको बाई, दुसरी दाखवा." म्हणून मी काय करायची, बरोबरच्या माणसाला कोपऱ्यातल्या बाकावर पाठमोरं बसवायची. "साहेब, जरा इथं बसता? उजेड अडतोय." कसला उजेड आणि कसलं काय! एकदा एका बाईंनी नवरा पाठमोरा असताना मोरपंखी रंगाची फ्रेम घेतली आणि तो वळला तेव्हा म्हणाला, "ही?" त्या म्हणाल्या, "ही!" दुकान दणाणलं. ह्यांचं हसणं आतून मला ऐकू आलं.

दोन ड्रॉवर अजून फ्रेमनी भरलेले आहेत. कुणाला द्यावेत?

२४ फेब्रुवारी

कोर्टाकडून बाई आल्या. बाई कसल्या, मुलगीच. सर्दीनं बेजार, खांद्याला हे एवढं पोतडं. मी टेबलाशी तिची खुर्ची चिमणच्या समोर मांडली होती. तिनं ती उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. दोघंही भिंतीकडे तोंड करून! म्हटलं, काय तऱ्हा एकेक.

पोतड्यातून फोटो निघाले. तिनं स्वतः फिरून काढलेले: भाचीचं घर, मास्तरचं घर, आणि आमचं — खाली दुकानाचं शटर, वर खिडकीत मी, टॉवेल झटकताना! आधी मीच पुढे होऊन दाखवलं, आम्ही कसं विचारतो ते. सकाळच्या जॅम-लोण्याचंही सांगितलं. भाचीचं घर, मास्तरचं घर. टक्. भाचीचं.

"छान," ती म्हणाली. "आता जरा चहा मिळेल? आणि दार लोटून घ्याल?"

मला राग आला, खोटं कशाला लिहू. माझ्याच घरात मला बाहेर! चहा उकळून उकळून कडू झाला. दार उघडलं तेव्हा मास्तरच्या घराचा फोटो चिमणच्या छातीशी.

"हात बदलून बदलून विचारलं," ती म्हणाली. "दर वेळी हेच."

"दमला असेल तो."

"असेल. ताई, एक करून बघता? ते जॅम आणि लोणी धरा. मनात लोणी ठरवा. बोलायचं नाही."

धरलं. टक्. लोणी.

"आता मनात जॅम."

टक्. जॅम.

"मी काहीच केलं नाही!" मी म्हटलं.

"तुमच्या भुवया, ताई. त्याचं बोट तिकडे वळलं की किंचित वर जातात." तिनं नाक पुसलं. किती हळू बोलत होती, जशी काही मीच आजारी आहे. "तो हातांकडे बघतच नाही. तुमच्याकडे बघतो."

चिमणनं तेवढ्यात चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसू की नको, ते बघायला.

२५ फेब्रुवारी

पाठमोरी उभी राहून दोन्ही चकत्या मागे धरल्या. बराच वेळ काही नाही. वळून पाहिलं तर त्यानं पुडीतली कोरी चकती काढून घेतली होती. जॅमही नाही, लोणीही नाही. नुसता ब्रेड!

२७ फेब्रुवारी

मी! जिनं अख्ख्या गावाच्या नवऱ्यांना पाठमोरं बसवलं, ती मी! माझ्या भावासमोर मात्र रोज सकाळी तोंड घेऊन उभी. हे असते तर आत भिंग घासता घासता खदखदून हसले असते.

दोन दिवस घरात हाच खेळ चाललाय. रेडिओ त्याला नकोच असतो, तो माझ्यासाठी सहन करतो. खिडकी उघडी हवी. तपकिरी रंग अजिबात नको — आणि त्याचे सगळे स्वेटर तपकिरी, मी विणलेले!

आज दोघं खाली दुकानात गेलो. ड्रॉवर उघडले, आणि मी दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे खुडबुड, खुडबुड. समोरच्या फुलवाल्यानं विचारलं, "काय ताई, शिक्षा झाली का?" "हो," म्हटलं, "वर्गाबाहेर काढलंय." बऱ्याच वेळानं हाक आली. "ताई."

लाल फ्रेम. बायकांची, जाड काड्यांची, टोकाला वर वळलेली. सिनेमातला खलनायक दिसत होता! मी तोंड अगदी कोरं ठेवलं, जमेल तितकं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. आरशाला चिकटला आणि म्हणाला, "नमस्कार."

भाचीला फोन केला. आधी ती खूप हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्या, म्हणजे... पिवळी खोली?"

"ये इकडे, मग बोलू," मी म्हटलं.

संध्याकाळभर विचार करतेय. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. रोज सकाळी एक माणूस उठतो, माझ्या चेहऱ्यावर मला काय हवंय ते शोधतो आणि ते मला देतो. तोंड वाकडं न करता जॅम खातो! एवढं लक्ष माझ्याकडे आणखी कुणी दिलंय? धन्यवाद, चिमण. आता पुरे हं.

५ मार्च

चिमणला घेऊन मास्तरच्या घरी जाऊन आले. चुका काढायच्या ठरवूनच गेले होते, कबूल. नळ गळतो. जिना अरुंद. एक चूक मोठी सापडावी म्हणून मी कपाटसुद्धा उघडून पाहिलं. टॉवेल. घड्या कुणाच्या ते लगेच ओळखलं.

तिथल्या मावशी ऐसपैस बाई आहेत, हात सतत ओले. प्रत्येकाच्या कपावर चित्र: मासा, जहाज, छत्री. मास्तरचा कप अर्थातच घड्याळाचा. टीव्हीच्या रिमोटवरून भांडण चाललेलं. मावशी म्हणाल्या, "रोज भांडतात, रोज एकत्र जेवतात. लग्नच म्हणायचं." मी विचारलं, चिमणची नखं कोण कापेल? थंडीत त्याला दोन मोजे लागतात. औषध पाण्याबरोबर नाही, दुधाबरोबर. मावशी ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "ताई, सगळं सांगा. पण थोडं त्यालाही सांगू द्या. मला विचारायला आवडतं."

मास्तरनं खोली दाखवली. "ही खिडकी माझी. ती चिमणची. मधे कुणी यायचं नाही."

चिमण त्या दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर काही नव्हतं, नुसती भिंत आणि पाइप. पण तो असा उभा होता, जसा माणूस स्वतःच्या घरी उभा असतो.

१२ मार्च

भाची आली. चपला नीट एकीशेजारी एक काढल्या. म्हणजे मनाला लागलंय, हे मला तिथंच कळलं.

"मी काय कमी केलं, आत्या?"

"काहीसुद्धा नाही गं."

"मग तो मास्तरकडे का? मी त्याची सख्खी पुतणी!"

तेवढ्यात चिमण आतून आला, लाल चष्मा घालून. तिनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "काका! हा काय अवतार?" तो म्हणाला, "माझा." एवढंच. मग तिच्या शेजारी बसला आणि आपलं डोकं तिच्या खांद्याला लावलं, जसं ती लहानपणी त्याच्या खांद्याला लावायची. रडत रडत हसत होती वेडी.

वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पालक म्हणजे सोबत राहणारा माणूस असलाच पाहिजे असं नाही. आणि सगळ्याच गोष्टींना पालक लागतो असंही नाही. त्याला झेपतं ते त्याचं त्यानं ठरवावं. झेपत नाही तेवढ्यापुरता पालक. बँकेचे व्यवहार, मोठी दुखणी, कायद्याच्या सह्या. तसा अर्ज करता येतो."

भाची डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे सह्या करायला मी आणि मजा करायला मास्तर!"

"कायम असंच असतं गं घरात," मी म्हटलं.

"आणि पिवळ्या खोलीचं काय करू?"

"रविवारी येईल तो," मी म्हणणार होते. पण थांबले. "त्यालाच विचार. शेजारी बसून."

विचारलं. तो म्हणाला, "येतो. जेवायला." तिनं त्याचा गालगुच्चा घेतला.

१३ मार्च

वकीलबाईंनी नवा अर्ज लिहिला. सही केली. सुवाच्य.

२१ मार्च

कोर्ट.

मला वाटलं होतं मोठी खोली असेल, उंच बाक, हातोडा. लहानशीच खोली. पंखा कुरकुरणारा, खिडकीत एक कुंडी. न्यायाधीशबाई माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला. नाकपट्ट्या सैल झाल्यात, मला राहवेना! चिमण नवा शर्ट, लाल चष्मा. मास्तर हट्टानं आलेला, मावशींबरोबर मागच्या बाकावर.

शेंबडी मुलगी (आता लाडानं लिहिते) पुढे जाऊन काहीतरी बोलली. न्यायाधीशबाई उठल्या, स्वतःची खुर्ची ओढत आणली आणि चिमणच्या शेजारी ठेवली. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्या खिडकीपाशी बसाल? उजेड अडतोय."

शप्पथ! हेच शब्द! मी पाठमोरी बसले आणि कुंडीकडे बघत राहिले. हृदय असं धडधडत होतं की जुन्या झडपेलाही काळजी वाटली असेल. मला कळलं, आत्ता तो जे सांगेल त्यात माझा काही हात नाही. तोंडही नाही. भाचीनं माझा हात घट्ट धरला. तीही पाठमोरी.

मागे टेबलावर फोटो मांडल्याचा आवाज. मास्तर पुटपुटला, "एक... दोन..." मावशींनी त्याला गप्प केलं.

मग टक्.

"हे घर?" न्यायाधीशबाई.

"मास्तर," चिमण म्हणाला. "खिडकी. माझी."

"आणि सह्या कुणी करायच्या?"

"पुतणी. हुशार."

भाचीनं माझी बोटं जवळजवळ मोडली.

"आणखी काही सांगायचंय?"

चिमण म्हणाला — स्पष्ट, मोठ्यानं, जसा तो क्वचितच बोलतो — "ताईला पण विचारा."

सगळे हसले. मीही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. वळा ताई. तुम्हाला काय हवंय?"

"चिमणला हवं ते."

"ते उत्तर त्यांच्याबद्दलचं झालं," त्या म्हणाल्या. "तुमचं?"

सगळ्यांचे चेहरे समोर. मी म्हटलं, "तुमच्या चष्म्याच्या नाकपट्ट्या घट्ट करून हव्यात." पुन्हा हशा. सुटले.

निकाल तिथंच सांगितला. भाची पालक, ठराविक गोष्टींपुरती. कुठं राहायचं, काय घालायचं, काय खायचं, कुणाबरोबर चादरी घडी करायच्या, हे सगळं चिमणचं. बाहेर आल्यावर मास्तरनं सगळ्या व्हरांड्याला सांगितलं, "आम्ही जिंकलो!"

धन्यवाद. कुणाकुणाला लिहू? यादीच होईल. कुंडीलासुद्धा.

३० मार्च

चिमण गेला. दोन बॅगा, आईचा स्टूल राहिला, म्हणाला नंतर नेतो. तपकिरी स्वेटर एकही नेला नाही! दारात मी पदरानं उगाच त्याच्या चष्म्याची काच पुसली. तो म्हणाला, "ताई, रडायचं?"

"थोडंसं."

तो थांबला. माझं होईपर्यंत. मग गेला.

४ एप्रिल

धुतलेली चादर घडी करायला घेतली. हनुवटीखाली धरली, हात ताणले, तरी खाली लोळतेच. चोळामोळा करून कपाटात कोंबली. सिस्टरांनी पाहिलं असतं तर!

भाचीचा फोन. "पिवळी खोली तुझीच आता. घराला गिऱ्हाईकही आलंय. ऑपरेशन झालं की इकडेच." मी म्हटलं, "बरं."

७ एप्रिल

उद्या दुपारी हॉस्पिटलात दाखल व्हायचं, परवा ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. पण लिहून ठेवलेलं बरं. माझ्यामागे शोधाशोध नको.

बांगड्या आणि आईच्या मोत्यांच्या कुड्या भाचीला. घालायच्या, कपाटात ठेवायच्या नाहीत.

शाळेत मिळालेली शिवणाची पेटी मास्तरच्या घरच्या मावशींना. त्यांच्याकडे बटणं फार तुटतात. लहान कात्री धारदार आहे, जपून.

ह्यांची हत्यारांची डबी, छोटे स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि सुट्या स्क्रूंची बाटली मास्तरला. त्याला मोजायला आवडेल.

हातानं शिवलेले रुमाल, डझनभर असतील, कोर्टाच्या त्या शेंबड्या मुलीला. तिला मीच मनातल्या मनात इतके बोल लावले, आता तिचा हा हिस्सा.

फ्रेमचे दोन ड्रॉवर समोरच्या फुलवाल्याच्या दुकानात ठेवावेत. ज्याला हवी त्यानं घ्यावी. अट एकच: बरोबरच्या माणसानं रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं.

तपकिरी स्वेटर उसवून लोकर कुणालाही.

स्टूल चिमणचा. तो न्यायला येईल तेव्हा मदत करावी, पण त्यानं मागितली तरच.

या वह्या भाचीला. हस, पण मोठ्यानं हसू नकोस.

घर आणि दुकान ठरल्याप्रमाणे विकावं. किल्ल्यांचा जुडगा भाचीकडे.

झालं वाटतं.

८ एप्रिल, सकाळ

बॅग भरतेय. चिमण आला. स्टूल न्यायला असेल म्हटलं. मास्तर जिन्यात उभा. चिमणनं खिशातून शेंबडीकडून मागून घेतलेले फोटो काढले. एक भाचीचं घर. एक आमचं, शटर, खिडकी, टॉवेल झटकणारी मी.

"ताई. हे की हे?"

आणि वळला. तोंड भिंतीकडे, दोन्ही फोटो पाठीमागे धरलेले.

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. मास्तर खालून ओरडला, "ताई, लवकर!" चिमण भिंतीला म्हणाला, "घाई नाही."

मग मी बोट ठेवलं. टक्.

कालचं शेवटचं खोडते. घर विकायचं नाही. भाचीला मीच सांगेन, शेजारी बसून. पहिले काही दिवस तीच इथं राहील. स्टूल इथंच राहू दे, चिमण रविवारी चादरी घडी करायला येतो म्हणालाय.

किल्ल्या चिमणला दिल्यात. मी परत आले की दार तो उघडेल.